खाऱ्या पाण्याचा रिपोर्ट

"फॉस्फेट वाढलंय. म्हणजे काल नीट जेवले वाटतं."

शुभदाकाकू हे स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या. आतून मोहनकाकांचा आवाज आला, "चला, बरं झालं." मी हातातल्या काचेच्या नळीकडे बघत उभी राहिले. नळीत काकूंच्या फिश टँकमधलं पाणी होतं. त्यात थेंब आणि पावडर टाकून हलवलं की ते निळं व्हायचं. तो निळा रंग छापील कार्डावरच्या निळ्या चौकोनांशी जुळवून सांगायचा, एवढंच माझं काम. मी सांगितलं होतं, "मागच्या वेळेपेक्षा डार्क आहे." आणि डार्क म्हणजे वाईट, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. मग बरं काय झालं? आणि जेवलं कोण? मासे?

मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. माझं मराठी घरापुरतं आहे, बाहेर बोलताना वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. काकू तर फारच पुढे जायच्या.

आमचे फ्लॅट गंगापूर रोडच्या आतल्या एका इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचे. एकदा जिन्यात काकूंनी मला अडवलं, हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "चष्मा?"

"नाहीये."

"मोतीबिंदू तर नसणारच. चल."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन त्या पुढे ढकलत होत्या. सगळं दिसायचं, पण फिका निळा आणि त्याहून फिका निळा, यातला फरक कळायचा नाही. मोहनकाकांवर त्यांचा विश्वास नव्हता. "ह्यांना लग्नात माझा शालू हिरवा दिसला होता," त्या म्हणाल्या. "जांभळा होता." अशा रीतीनं मी त्या घराचे डोळे झाले. माझं नाव ईशा असलं, तरी त्यांनी मला कायम 'कॉन्व्हेंट' म्हटलं.

काकू आयुष्यभर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होत्या. रिटायर झाल्या, पण लॅब त्यांच्यातून गेली नाही. माणसांची ओळख त्या रिपोर्टवरून करून द्यायच्या. "वरच्या मजल्यावरचे जोशी? माणूस सज्जन, कोलेस्टेरॉल नालायक." "ती बी विंगमधली? हिमोग्लोबिन एवढंसं, आणि आवाज ऐकलास का?" कुणी काही मत मांडलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं: "रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." भाच्याचं लग्न ठरत होतं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि कुणाचा रिपोर्ट, कसला रिपोर्ट, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

हॉलमध्ये, जिथे बाकीच्यांच्या घरी टीव्ही असतो, तिथे त्यांचा टँक होता. खाऱ्या पाण्याचा. नाशिकमध्ये समुद्र म्हणजे सुट्टीत जाऊन बघायची गोष्ट, आणि इथे तो घरात, विकतचं मीठ आरओच्या पाण्यात कालवून केलेला. काकूंना समुद्राची आवड होती म्हणावं, तर त्या कधी बोटीतसुद्धा बसल्या नव्हत्या. मग टँक कशासाठी? मी त्यांना याचं उत्तर देताना अनेकदा ऐकलं आणि दर वेळी उत्तर वेगळं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं, डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलाय. नणंदेला सांगितलं, ह्यांना मासे आवडतात, पण आमच्या घरात नुसते बघण्याचीच परवानगी. मला म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर कुणाचा तरी रिपोर्ट काढायला नको का?" यातलं खरं कोणतं, मला आजही माहीत नाही.

टँकमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे होते, थोड्या गोगलगायी, शंखात राहणारा एक खेकडा. पण काकूंचा जीव होता तो कोरलवर. दगडाला चिकटलेला, हिरवट सोनेरी बोटांचा एक गुच्छ. पाण्याबरोबर ती बोटं डुलत असत. दुकानातून आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, काकूंनी वाढवून तळहातापेक्षा मोठा केला होता. आणि त्याच्याच बुडापाशी आता हिरवं, केसांसारखं शेवाळ चढत होतं.

शेवाळ वाढतं फॉस्फेटवर. माशांना घातलेलं जास्तीचं खाणं कुजतं, त्यातून फॉस्फेट पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यातूनही येतं, म्हणून टँकमधलं पाणी आटलं की भर घालायची ती आरओच्या पाण्याची. एकदा शेवाळ माजलं की ते कोरलवर चढतं आणि त्याला गुदमरवतं. मोहनकाकांचं दिंडोरीला खतांचं दुकान होतं. ते म्हणायचे, "माझ्या दुकानात द्राक्षवाले फॉस्फेट कमी पडलं म्हणून रडतात, आणि घरी आलो की ही जास्त झालं म्हणून रडते. शुभदा, पाणी मला दे, मी बाटल्या भरून विकतो."

"विका," काकू म्हणायच्या. "पहिली बाटली तुमच्या डोक्यावर ओता. तिथे काहीतरी उगवेल."

काकूंची लढाई रोजची होती. जुन्या टूथब्रशनं त्या दगड घासायच्या, दंडापर्यंत हात पाण्यात घालून. जाळीच्या पिशवीत गंजाच्या रंगाचे लोखंडी दाणे भरून ती पाण्याच्या वाटेत ठेवायच्या, ते दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. टँकखालच्या कपाटात एक वेगळा कप्पा होता, त्यात दिवा लावून त्या मुद्दाम शेवाळच वाढवायच्या. हे बघून मी पार गोंधळले. त्यांनी समजावलं, "खाली जेवायला घातलं की वर चोरी करत नाही." वाढलेलं शेवाळ कात्रीनं कापून कुंडीत. आणि आठवड्यातून दोनदा मी, नळी आणि कार्ड.

बाहेरचा एक कणही त्या टँकमध्ये पडू द्यायच्या नाहीत. नारळी पौर्णिमेला खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोठ्या हौसेनं नारळ घेऊन आल्या. "म्हटलं समुद्र घरात आहे, तर लांब कशाला जायचं?" हळदकुंकू लावलेला नारळ त्या काचेवरून आत सोडणार, इतक्यात काकूंनी क्रिकेटमध्ये झेलतात तसा तो झेलला.

"वहिनी, समुद्राला उपास आहे."

"अहो, दोन अक्षता तरी!"

"अक्षता तुमच्या डोक्यावर टाकते, सुखी राहा."

वहिनी रागावून गेल्या. काकूंनी त्याच नारळाची बर्फी करून त्यांच्याकडे पाठवली, बरोबर निरोप, "समुद्राचा प्रसाद." तांदळाच्या दोन दाण्यांवरून एवढं रामायण करणारी ही बाई. म्हणूनच पुढे जे मी पाहिलं, ते माझ्या डोक्यात कुठे ठेवावं हे मला कळेना.

त्या घरात तिसरे होते आप्पा. काकूंचे सासरे. जन्म सगळा पंचवटीत गेलेला. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे. पडल्यामुळे मांडीचं हाड मोडलं, आणि मग ते मुलाकडे राहायला आले. बऱ्याच गोष्टी त्यांच्या लक्षात राहत नसत. मला ते दर वेळी विचारायचे, "गाव कोणतं, बाळ?"

"नाशिक."

"ते झालं. मूळ गाव?"

मला ठाऊक नव्हतं. आईला विचारून ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गोत्र विचारलं.

आप्पांचं जेवण ही एक व्यवस्था होती. दुपारी हॉलच्या कोपऱ्यात पाट मांडायचा, पान वाढायचं आणि सगळ्यांनी आत जायचं. ते मौनानं जेवत. कुणी बघतंय असं वाटलं तर तसेच उठत. त्यांचं आणि काकूंचं बोलणं म्हणजे बहुतेक चकमकच.

"सूनबाई, आमटीत मीठ जास्त झालंय."

"आप्पा, मीठ त्या टँकमध्ये. आमटीत आज मी घालायलाच विसरलेय."

"मग कमी झालंय."

"हं. आता बरोबर."

एका दुपारी मी नळी परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पा पाटावरून उठले होते. भिंत धरत, एकेक पाऊल टाकत ते टँकपाशी आले. उजव्या मुठीत काहीतरी होतं. डाव्या हातानं त्यांनी वरची जाळी सरकवली, ओठ हलले, आणि मुठीतली भाताची शितं पाण्यात सोडली. मासे धावले. खेकडा शंखासकट दगडावरून उतरला. आप्पांनी हात जोडले, जाळी नीट बंद केली आणि मला बघून म्हणाले, "गंगेला आज पाणी कमी आहे." आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ते टँकला म्हणत होते.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "चित्राहुती असणार. जेवायला बसताना पानाभोवती पाणी फिरवतात आणि बाजूला भाताची थोडी थोडी शितं काढून ठेवतात. नंतर ती पक्ष्यांना नाहीतर माशांना. त्यांनी जन्मभर कुंडातल्या माशांना घातली असतील."

म्हणजे फॉस्फेट कुठून येत होतं ते मला सापडलं होतं. रोजचा शिजलेला भात. काकू टूथब्रशनं घासत होत्या, पिशव्या बदलत होत्या, आणि कारण त्यांच्या पाठीमागे पाटावर बसत होतं. सांगायला हवं. पण सांगितलं तर? त्या आप्पांना बंद करायला लावतील. नाही सांगितलं तर कोरल मरेल. मी वाक्य इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. मराठीत ते चहाडीसारखं वाटत होतं.

तेवढ्यात सलीमभाई आले. कॉलेज रोडवर त्यांचं फिश टँकचं दुकान होतं, काकूंनी सगळं सामान त्यांच्याकडूनच घेतलं होतं. त्यांनी शेवाळ पाहिलं आणि च्च च्च केलं. "काकू, असंच चाललं तर हा कोरल जाणार. मी दुकानात नेऊन ठेवू का?"

"नको. इथेच राहू दे."

"मग सोर्स शोधायला लागेल. सोर्स घरातच आहे, लिहून देतो."

"शोध," काकू शांतपणे म्हणाल्या. "सापडला तर मलाही सांग."

सलीमभाईंनी आरओ तपासला. मिठाची बादली हुंगली. माशांच्या खाण्याचा डबा उघडून बघितला. पाटावर बसून जपमाळ ओढणाऱ्या आप्पांना वळसा घालून त्यांनी मागचे पाइप चाचपले. "अजीब आहे," ते म्हणाले. "सगळं ओके आहे." मी खिडकीपाशी उभी राहून आप्पांकडे बघायचं टाळत होते. काकू मात्र आरामात त्यांना चहा देत होत्या.

ते गेल्यावर मी धीर केला. "काकू, मला एक... म्हणजे आप्पा..."

"माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"लॅबमध्ये जन्म गेला माझा, कॉन्व्हेंट. वाळूत भाताचं शीत मला दिसणार नाही? तो निळा रंग दिसत नाही फक्त." त्यांनी आवाज खाली आणला. "जेवलात का विचारलं की हो म्हणतात. ताट धुऊन ठेवलेलं असतं. आणि आमच्या गॅलरीतले कावळे बघितलेस? कसे माजलेत. भूक नसली की सगळं पान तिकडे. मग आता रिपोर्ट कुणाचा काढू, कावळ्यांचा?"

मी गॅलरीकडे बघितलं.

"चित्राहुती काढली म्हणजे जेवायला बसले. भूक नसेल त्या दिवशी ते काढतच नाहीत. माझ्याशी खोटं बोलतील, पण तिथे नाही बोलायचे." त्यांनी टँककडे मान वळवली. "फॉस्फेट चढलं की समजायचं, आठवडा बरा गेला."

तेव्हा मला ते जुनं वाक्य कळलं. कळलं आणि आणखी गोंधळ झाला. "पण मग कोरल?"

"तोही जगवायचा. टूथब्रश कशाला आहे?"

"एखादा गोड्या पाण्याचा टँक ठेवला तर? तिकडे..."

"ठेवून बघितला. बादलीत मासे आणून गॅलरीत ठेवले होते. म्हणाले, ही गंगा नाही." काकू उठल्या. "आता त्यांनी ठरवलंय कुठली गंगा ते. आपण काय करणार? शेवाळ घासणार."

हे प्रेम होतं का, हे मला ठरवता आलं नाही. कारण लगेच त्या आप्पांवर ओरडल्या, सकाळची गोळी उशीखाली सापडली म्हणून. चांगल्या ओरडल्या. आप्पाही "मी यजमानांच्या घरी असा अपमान करून घेणार नाही" म्हणून काठी शोधायला लागले. मोहनकाकांनी काठी आणून दिली आणि म्हणाले, "चला, मी सोडतो." दोघे लिफ्टनं खाली जाऊन परत वर आले. तोवर काकूंनी पान वाढलं होतं.

थंडी सुरू झाली. काकूंनी टँकमध्ये हीटर सोडला. आणि नळीतला रंग उतरायला लागला.

"रंग सांग."

"फिका आहे."

"किती?"

मी कार्डावरच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"गॅलरीत जा. उन्हात बघ."

उन्हातही तेवढाच होता. गॅलरीच्या कठड्यावर कावळे ओळीनं बसले होते. मी आत येऊन सांगितलं. काकूंनी नळी घेतली आणि ती खूप वेळ धूत बसल्या. पुढच्या वेळी आणखी फिका. आधी मी रंग सांगायचे तेव्हा मला नुसता रंग दिसायचा. आता चौकोनावर ठेवलेलं बोट शेजारच्या गडद चौकोनाकडे सरकायचं. काकूंना ते कळलं असावं. "खरा रंग सांगायचा," त्या म्हणाल्या. "रिपोर्टला दया नसते."

त्यांनी मऊ भात करून पाहिला, मेतकूट, लिंबाचं गोड लोणचं. पंचवटीतून आप्पांच्या एका जुन्या स्नेह्यांना बोलावून शेजारी पाट मांडला. त्या आठवड्यात नळी चक्क निळी झाली. मी सांगताच काकू ओरडल्या, "अहो, चढलं! चढलं!" मोहनकाका पेपर टाकून आले. "फॉस्फेटच्या नावानं चहा होऊ दे," म्हणाले. त्या दिवशी काकूंनी शेवाळाला हातसुद्धा लावला नाही.

ते तेवढंच. नंतर रंग परत उतरला. आप्पा पाटावर बसेनासे झाले, मग पलंगावरून उठेनासे, आणि संक्रांतीच्या आधी गेले.

भेटायला येणारी माणसं हॉलमध्ये बसायची. बोलायला काही सुचलं नाही की टँककडे बघायची. तो कधी नव्हे इतका सुंदर दिसत होता. शेवाळाचा मागमूस नाही, दगड स्वच्छ, काच आहे की नाही कळू नये. खालच्या वहिनी म्हणाल्या, "किती छान ठेवलाय हो!"

"हो," काकू म्हणाल्या. "आता राहील."

पण कोरल आक्रसत चालला होता. बोटं पूर्ण बाहेर येईनात. हिरवट सोनेरी रंग जाऊन तो फिकट, धुतलेल्या कपड्यासारखा दिसू लागला. सलीमभाई आले, बराच वेळ वाकून बघत राहिले. "पाणी आता जास्तच साफ झालं, काकू. कोरललाही थोडं फॉस्फेट लागतं. भुकेला आहे तो. लोखंडाची पिशवी काढा आणि खाणं वाढवा थोडं."

काकूंनी पिशवी काढली. शेवाळाच्या कप्प्यातला दिवा बंद केला. खाणं मात्र वाढवलं नाही. चिमूट घ्यायच्या, टँकपर्यंत जायच्या, आणि पुन्हा डब्यात टाकायच्या. मोहनकाका मला हळूच म्हणाले, "तू सांग तिला. माझं ऐकत नाही." मी कशी सांगणार? आणि काय? ज्या बाईनं हा कोरल एवढ्या शेवाळातून जगवला, तिला आता दोन चिमटी का टाकवत नाहीत, हे मला समजत नव्हतं.

मग मला पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायला सांगितलं. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. "काकू, येते" एवढं वाक्य तयार होतं. जेवणं नुकतीच आटपली होती. टेबलावर भाताचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. कोपऱ्यातला पाट भिंतीला उभा टेकवलेला. काकू टँकपाशी उभ्या होत्या, हातात नळी.

आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. कार्डावरचे सगळे निळे त्यांना माझ्याइतकेच दिसत होते. तरी त्यांनी नळी माझ्यापुढे धरली.

"रंग सांग, कॉन्व्हेंट."

मी उजेडात धरून बघितली. "रंग नाहीये काकू. नुसतं पाणी आहे."

"हं."

त्यांनी नळी परत घेतली नाही. काचेला हात टेकवून त्या आत बघत राहिल्या. कोरलची दोन-तीन बोटं किंचित बाहेर आली होती, बाकीची मिटलेली. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन थांबले होते, जाळीच्या त्याच कोपऱ्याखाली, जिथून आप्पांचा हात यायचा. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा एक हात जाळीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मी नळी टेबलावर ठेवली. पातेल्यावरचं झाकण काढलं. भात अजून कोमट होता. वाक्य मनात जुळवायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"काकू, आज दोन शितं मी घालू?"